फी माफ आहे, पण कोणत्या दारातून?

  हातातलं काम चालू राहू द्या. मधे मधे एखादी तारीख, एखादा आकडा येईल, तेवढा घरातल्या शिकणाऱ्या पोरीला वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला सांगा.

आम्ही बचत गटांच्या समन्वयक. महिन्यातले वीस-बावीस दिवस आमचे गटांच्या बैठकांमध्ये जातात. कर्जमागणीची कारणं आता आम्हाला महिन्यावरून ओळखता येतात. उन्हाळ्यात लग्नं, पावसाच्या तोंडावर बी-खत, आणि दहावीचा निकाल लागला की ‘पोरीची फी’. पूर्वी हे कारण फारसं नसायचं, कारण दहावीनंतर पोरगी घरात बसायची. आता फीसाठी कर्ज मागतात याचं आम्हाला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, की ज्या फीसाठी गटातून महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलले, त्यातली बरीचशी फी भरायची गरजच नव्हती. ती माफ होती. पण माफीचं दार वेगळं होतं आणि आपण भलत्याच दारात उभ्या होतो.

यात आमची स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

२०२४ सालची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीला दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले. वडील गवंडी. लहानपणापासून त्यांच्याबरोबर बांधकामावर जाऊन बसायची, त्यामुळे तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. ‘बाबा भिंत बांधतात, मला नकाशा काढायचाय,’ असं ती म्हणायची. डिप्लोमा म्हणजे तंत्रनिकेतन, आपण पॉलिटेक्निक म्हणतो ते. दहावीनंतर थेट जाता येतं, तीन वर्षांचं असतं. ऑनलाइन अर्जाची मुदत चालू होती आणि हिचा नॉन-क्रीमीलेअरचा दाखला तहसीलला अडकला होता. ताई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘दाखला नाही, आता अर्ज नाही भरला तर?’

आम्ही म्हणालो, ‘घाबरू नका. पॉलिटेक्निकमध्ये दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. नंतर थेट कॉलेजात जाऊनही प्रवेश मिळतो. आणि मुलींना फी तर आता माफच होणार आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य वेगळं घेतलं तर खरं होतं. दोन्ही एकत्र केली की खोटी ठरत होती. ऑगस्टमध्ये त्या मुलीला घेऊन आम्ही कॉलेजात गेलो. जागा होती, प्रवेशही देत होते. पण खिडकीवरच्या क्लार्कने फीचा कागद पुढे केला, बावन्न हजार. आम्ही चढ्या आवाजात बोललो, मोबाइलवरची बातमी दाखवली. त्याने शांतपणे शासन निर्णयाची प्रत काढून एका ओळीवर बोट ठेवलं. संस्थास्तरावरचे आणि व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश वगळून, असं तिथं लिहिलं होतं. त्याचं बरोबर होतं. आम्ही बातमी वाचली होती, निर्णय वाचला नव्हता.

पुढे काय झालं ते शेवटी सांगू. पण त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, की ऐकीव गोष्ट गटात सांगायची नाही. आज सांगतोय ते कागद वाचून सांगतोय.

शिक्षणाचा भार सरकार दोन वाटांनी हलका करतं, हे आधी समजून घेऊ. एक वाट आयकराची. घरात पगारदार माणूस असेल, त्याला कर लागत असेल, तर मुलांच्या फीची काही रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि कर कमी बसतो. दुसरी वाट शिष्यवृत्तीची आणि फीमाफीची. म्हणजे एकाला भरायच्या रकमेत सूट, आणि दुसऱ्याच्या खात्यात पैसे किंवा फीच नाही.

पहिल्या वाटेबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंचे मालक कारखान्यात कायम आहेत. त्या मागच्या महिन्यात विचारत होत्या, ‘मुलीची कॉलेजची फी वीस हजार भरली, क्लासचे साठ हजार भरले. ट्यूशन फी टॅक्समधून वजा होते म्हणतात, तर ऐंशी हजाराची पावती द्यायची ना?’

घोळ शब्दाचा आहे बघा. आपल्या गावात ट्यूशन म्हणजे संध्याकाळचा खासगी क्लास. कायद्यात ट्यूशन फी म्हणजे शाळा-कॉलेज स्वतः शिकवण्याबद्दल घेतं ती फी. कायद्यातली सवलत त्या फीला आहे. क्लासच्या पावतीला नाही. देणगीला नाही, विकास निधीला नाही, होस्टेल-मेसला नाही, बसला नाही. शिक्षण भारतातल्या संस्थेत आणि पूर्णवेळ असलं पाहिजे. म्हणजे पोरगी अकरावीला असताना सुट्टीत कुठला तीन महिन्यांचा अर्धवेळ कोर्स केला, तर त्याची फी धरत नाहीत. सवलत दोन मुलांपुरती. आणि तीही एकट्या फीची नाही. विमा, भविष्यनिर्वाह निधी, घरकर्जाची मुद्दल, सगळं मिळून वर्षाला दीड लाखाची मर्यादा. याला इतकी वर्षं कलम ८० सी म्हणायचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. म्हणून आकडा पाठ करू नका. फीच्या पावतीत शिकवण्याची फी वेगळी लिहून घ्या, तेवढं पुरे.

आता यातली खरी गंमत. ही वजावट जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत ती नाहीच. पण नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत. सचिव ताईंच्या मालकांचा पगार त्याच्या किती खाली आहे, हे त्यांना आणि आम्हाला माहीत आहे. कर लागतच नाही, तर वजा कशातून करणार? पावत्या गोळा करत त्या आठ दिवस फिरल्या ते फुकट गेलं. हे सांगितल्यावर त्या आमच्यावरच रागावल्या, पण नंतर हसल्याही.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचंही असंच. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज काढलं तर जुन्या प्रणालीत त्याचं व्याज वजा होतं, आठ वर्षांपर्यंत. मुद्दल नाही, फक्त व्याज. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं. आपल्या गटाचं, सावकाराचं, भावाकडून आणलेलं, यातलं काही चालत नाही. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं, गटाने व्याजाचा दाखला द्यावा. देऊन उपयोग नाही.

म्हणजे ज्या घराला करच लागत नाही, त्या घराने पोरीच्या शिक्षणावर कितीही खर्च केला तरी कराच्या वाटेने त्याला एक रुपया परत येत नाही. दोन एकर कोरडवाहू आणि मजुरी, ऊसतोड, शिलाई, गवंडीकाम, हीच आपल्यातली बहुतेक घरं. आपली वाट दुसरी. तिच्यात पैसे जास्त आहेत आणि काटेही जास्त आहेत.

आधी अकरावी-बारावी. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिकवण्याची फी माफ आहे, पण अनुदानित तुकडीत. हा शब्द लिहून घ्या, अनुदानित. कॉलेज एकच असतं, इमारत एकच असते, पण आर्ट्सची तुकडी अनुदानित आणि सायन्सची विनाअनुदानित असं सर्रास असतं. नाहीतर पूर्ण कॉलेजच स्वयंअर्थसहाय्यित असतं, म्हणजे फीवर चालणारं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. त्या अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो आणि कुठलं अनुदानित, कुठलं विनाअनुदानित ते यादीत दिलेलं असतं. आपल्या पोरी काय करतात? मैत्रीण जिथं चालली ते पहिलं टाकतात. त्यांना रागवू नका, आम्हीही तेच केलं होतं आमच्या वेळी. पण नेट-कॅफेवाल्याच्या शेजारी बसून तो एक रकाना आईने बघायचा. वाचता येत नसेल तर त्याला विचारायचं, ‘दादा, ही तुकडी अनुदानित आहे का?’

आणि एसटीचा पास. मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची योजना आहे. वडापला रोज चाळीस रुपये देणाऱ्या पोरी आम्ही पाहिल्यात. कारण काय, तर एसटीची वेळ जुळत नाही. वेळ बदलून मागायला ग्रामसभेचा ठराव घेऊन आगारात जाता येतं, पण तो विषय वेगळ्या दिवशी बोलू.

अनुसूचित जातीच्या आणि जमातीच्या मुला-मुलींना अकरावीपासूनच भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फीही मिळते आणि निर्वाह भत्ताही. अनुसूचित जातीच्या घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप नावाची वेगळी योजना आहे, तीत भत्ता नाही, फी मिळते. इतर प्रवर्गांच्या आपापल्या योजना आहेत. सगळ्यांचा अर्ज महाडीबीटी या एकाच ठिकाणी, ऑनलाइन. अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरला, आता आपोआप येईल, असं नसतं. बारावीत गेलेल्या कितीतरी मुली इथंच गळतात.

आता तो २०२४ चा निर्णय. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, आणि इतर मागास वर्ग, यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्वी निम्मी फी माफ होती. आता शिकवण्याची आणि परीक्षेची फी शंभर टक्के माफ, २०२४-२५ पासून. घराचं वर्षाचं उत्पन्न आठ लाख किंवा त्याच्या आत हवं. अनाथ मुला-मुलींनाही हा लाभ आहे. त्या प्रवर्गांतल्या मुलग्यांना निम्म्याचीच जुनी सवलत चालू आहे. ‘आमच्या पोराचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून सांगितलं.

कुठल्या कॉलेजात चालतं? शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि कायम विनाअनुदानित, या सगळ्यांत. तंत्रनिकेतनंही त्यात आली. म्हणजे दहावी झालेल्या, सोळा वर्षांच्या मुलीलाही हा लाभ आहे, हे बऱ्याच जणींना माहीतच नाही. त्यांना वाटतं हे डॉक्टर-इंजिनिअरांसाठी आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र यात नाहीत. मोठमोठ्या जाहिराती त्यांच्याच असतात, तेव्हा नीट विचारून घ्या.

आणि मुख्य अट तीच, जिने आम्हाला तोंडावर पाडलं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. म्हणजे सरकारच्या ऑनलाइन अर्जातून, गुणांच्या यादीतून, फेरीतून. त्याला मुलं ‘कॅप राउंड’ म्हणतात. फेऱ्या संपल्यावर कॉलेज स्वतः ज्या जागा भरतं, त्या जागेवर ही माफी नाही. वर्ग तोच, बाक तोच, मास्तर तेच. एकीची फी माफ आणि तिच्या शेजारचीची बावन्न हजार. फरक फक्त कोणत्या दारातून आत आली याचा.

माफ होते ती शिकवण्याची आणि परीक्षेची फी, हेही लक्षात ठेवा. होस्टेल, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, हा खर्च घरचाच. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्त्याची योजना आहे, नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. तिचा अर्जही महाडीबीटीवरच.

कागदांकडे येऊ. सगळ्यात जास्त अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात, चौकशी तलाठी भाऊसाहेबांची, सही तहसीलदारांची. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मार्चमध्ये काढून ठेवलेला जूनला चालत नाही. एप्रिल उजाडला की काढायचा. जूनमध्ये सगळा तालुका रांगेत असतो. नॉन-क्रीमीलेअरचंही तेच. जातीचा दाखला तर आठवी-नववीतच काढून ठेवावा, आणि व्यावसायिक शिक्षणाला पाठवायचं असेल तर जात पडताळणीलाही वेळ लागतो, ते आधीपासून धरावं. कागद वेळेत हातात आला नाही तरी अर्ज केल्याची पावती सांभाळा आणि अर्जाच्या मुदतीत सुविधा केंद्रावर जाऊन विचारा, पावतीवर अर्ज घेताय का. पुष्कळदा घेतात, मूळ कागद नंतर ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचा असतो. त्या मुलीचंही असं होऊ शकलं असतं. पावती तिच्याकडे होती. विचारलंच नाही, ना तिने, ना आम्ही.

उत्पन्न किती सांगायचं, हा एक नाजूक प्रश्न आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे काही जणींना वाटतं ते सांगायचंच नसतं. तसं नाही. दाखल्यात शेती, मजुरी, दूध, नोकरी, सगळं धरतात, आणि नवरा-बायको दोघांचं. काही जणी भीतीने एकदम कमी सांगतात. एका घरात आम्ही एकाच वर्षात दोन कामांसाठी काढलेले दोन वेगळ्या आकड्यांचे दाखले पाहिले. अशाने चौकशी लागली तर नुकसान पोरीचं. आठ लाखांची मर्यादा आहे बायांनो. दोन एकरवाल्याने खरं सांगितलं तरी ती लांबच राहते. कमी सांगून मिळवायचं काय?

दुसरं काटेरी झुडूप म्हणजे बँक खातं. लाडकी बहीणच्या वेळी आपण सगळ्या शिकलो, की खात्याला आधार जोडलेलं असलं तरच पैसे येतात. पण एक बारकावा राहून जातो. आधारवरचे सरकारी पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. आमच्याकडे अकरावीतली एक मुलगी होती. अर्ज मंजूर दाखवत होता, पैसे जमा झाले असंही दाखवत होतं, आणि पासबुक कोरडं. कॉलेज फी मागतंय, आई म्हणते सरकारने फसवलं. शेवटी आधारच्या वेबसाइटवर तिचं ‘बँक सीडिंग स्टेटस’ काढलं, तर भलत्याच बँकेचं नाव आलं. तेव्हा मुलीला आठवलं. बाजारच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एक खातं उघडून दिलं होतं. सात महिने पैसे तिथं पडून होते. मिळाले, पण तोवर तिच्या आईने कानातले गहाण टाकले होते.

असं झालेल्या आणखीही असतील. म्हणून अर्ज भरायच्या आधी ते स्टेटस बघून घ्या. खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं हवं, आईच्या नाही. आणि खात्यात पैसे आले की ते सगळे खर्चायचे नसतात. त्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो आणि तो कॉलेजात भरायचा असतो. एका घरात त्या पैशातून शेळी आली. शेळी चांगली निघाली, पण पोरीचा निकाल फी थकली म्हणून अडकला. मग आम्हीच जाऊन हप्ते पाडून घेतले.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. दसरा झाला की तुम्ही निघता, आणि महाडीबीटीचे अर्ज बहुतेक तेव्हाच चालू असतात. पोरगी आजीजवळ असते, पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर असतो बापाचा, आणि बाप दोन जिल्हे पलीकडे उसाच्या फडात. ओटीपी येतो तिकडे. फोन चार्ज नसतो, नाहीतर रेंज नसते, नाहीतर वडील म्हणतात कुणाला आकडा सांगायचा नसतो, बँकवाल्यांनी सांगितलंय. त्यांचंही बरोबरच आहे. दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. मागच्या हंगामात एका मुलीचा अर्ज असा पाच वेळा अडला. यावर उपाय एकच सापडलाय. निघायच्या आधी मुलीच्या आधारला असा नंबर जोडा, जो गावात राहणार आहे. आजीकडचा चालेल, मामाचा चालेल. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळतो. सोबत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, मागच्या वर्षीची गुणपत्रिका हे सगळं एका पिशवीत आजीजवळ ठेवून जा. मूळ कागद कोपीत न्यायचे नाहीत. पावसात भिजलेले दाखले आम्ही वाळवलेत.

आता त्या गवंड्याच्या लेकीचं. कॉलेजातून आलो त्याच रात्री गटाची बैठक बोलावली. आम्ही गटाला म्हणालो, चूक आमची आहे, बावन्न हजार गटातून द्या, व्याज लावू नका. दहा बायकांची वर्षानुवर्षांची बचत. कुणी नाही म्हणालं नाही. एक आजी तर म्हणाल्या, माझं पाच हजारांचं कर्ज मागे घेते, ते तिला द्या. पण त्या ताई स्वतःच नको म्हणाल्या. ‘यंदाचे बावन्न, पुढच्या वर्षी परत बावन्न, तिसऱ्या वर्षी परत. मी फेडत बसले तर धाकटीला काय घालू?’ मुलगी दाराजवळ बसून ऐकत होती.

तिने तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. उशिरा घेतला, रिकामी जागा मिळाली. फी लागली नाही, पास मोफत होता. दोन वर्षं गेली. यंदा तिची बारावी झाली. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तोही त्याच सरकारी ऑनलाइन प्रक्रियेतून. म्हणजे पहिलं वर्ष वाचतं, पण हिशोब केला तर तिचं एक वर्ष गेलंच. ते आमच्या सांगण्यामुळे गेलं. ती भेटली की बोलते, चहा करते, पण हा विषय निघाला की आत जाते. आम्हीही काढत नाही.

दाखले मात्र यंदा तिने स्वतः एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढलेत. उत्पन्नाचा, नॉन-क्रीमीलेअर, दोन्ही. मागच्या गुरुवारी आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, अर्ज सुरू झाला की मीच सांगेन तुम्हाला.’

तर मैत्रिणींनो, दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी सकाळी अकरापासून आम्ही गटांच्या कार्यालयात फक्त याच कामासाठी बसतोय, प्रवेश संपेपर्यंत. येताना मुलीचं आधार, तिचं पासबुक, दहावीची किंवा बारावीची गुणपत्रिका, आणि दाखले किंवा त्यांच्या पावत्या घेऊन या. आधारला जोडलेला मोबाइल ज्याच्याकडे आहे, त्यालाही घेऊन या, नाहीतर निदान तो फोन तरी. आणि कॉलेजात पैसे भरायच्या आधी या, भरल्यावर नको.